पोट साफ होण्याचं औषध

खऱ्या दुखणाऱ्या माणसाला औषधाचं नाव माहीत नसतं. तो म्हणतो, ती पांढरी गोळी द्या, मधे रेघ असलेली. किंवा म्हणतो, मागच्या वेळी ज्याने जरा डोळा लागला होता ते द्या. नाव, ताकद, कंपनी, खोक्याचा रंग असं सगळं जो धडाधड सांगतो, त्याच्याकडे औषधाच्या दुकानातली बाई चष्म्यावरून एकदा बघतेच. मी एकोणतीस वर्षं बघत आले आहे.

दुसरी एक खूण आहे. ती पुस्तकात छापलेली असते, पण ध्यानात कोणी ठेवत नाही. जबर दुखण्यावरची ही औषधं, मग गोळ्या असोत की अंगाला चिकटवायचे पॅच, दुखणं झोपवतात आणि त्याबरोबर आतडीही झोपवतात. आठवड्याभरात घरचं कोणीतरी काउंटरवर येतं, इकडे तिकडे बघतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "पोट साफ होण्याचं काही आहे का हो?" ह्या प्रश्नाला मी कधी हसले नाही. तो आला की समजायचं, औषध ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच अंगात जातंय.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या वाढदिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, गंमत सांगू? ते तुझं घाणेरडं गोड सिरप सुटलं एकदाचं. आता पोट रोज साफ होतं, आपलं आपण!" तेव्हा मी काय म्हणावं?

"चला," मी म्हटलं, "एक तरी कटकट गेली तुझ्यामागची."

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "दुखतं मात्र फार गं. हे म्हणतात, आजार पुढे सरकलाय. डॉक्टरांना सांगून पॅच मोठा करून घेतलाय ह्यांनी."

"वेळेवर बदलतात ना?"

"दर तिसऱ्या दिवशी. स्वतःच्या हाताने लावतात, वर पेनाने तारीखसुद्धा घालतात."

"नशीबवान आहेस," मी म्हटलं.

नशीबवान आहेस. हे शब्द माझ्या तोंडचे. अजून जिभेवर तसेच आहेत.

त्यानंतर सव्विसाव्या दिवशी ती गेली. मी बसने तीन तासांवर राहत होते, पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तिचे कपडे बदलायचं काम माझ्याकडे आलं. एवढी हलकी झाली होती की मी तिला एकटीने कुशीवर वळवलं. पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्यावर, पॅच होता. वर निळ्या शाईत परवाची तारीख, वळणदार. मी तो हळूच काढला, कारण वापरलेला पॅच घडी घालून टाकायचा असतो, आणि हाताला लागलेली सवय मरणाच्या घरातही सुटत नाही.

बोटांना आधी कळलं. खऱ्या पॅचच्या कडेला कंपनीचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. ह्याच्यावर काही नव्हतं. जखमेवर लावतात ती साधी पारदर्शक चिकटपट्टी होती, कोपरे कात्रीने गोल केलेले. त्या कोपऱ्यांवर फार मेहनत घेतलेली दिसत होती.

दाराशी तिचा नवरा डोळे पुसत उभा होता. नात्याने मी त्याची अक्कडसासू. आमच्या आईने लग्नात "जावईबापू, जावईबापू" म्हणून डोक्यावर घेतलेला, बोलायला गोड, कोणाचीही पिशवी उचलायला पुढे. मी ती चिकटपट्टी माझ्या गोळ्यांच्या डबीत ठेवली आणि बाहेर आले. "ताई, खूप सोसलं हो तिने," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो." ताकास तूर लागू दिली नाही.

महिन्याभरात मी माझी जुनी नोकरी सोडली, त्याच्या गावात एक खोली भाड्याने घेतली आणि बदलीवाली झाले. कोणा फार्मासिस्टला दात काढायचा असतो, कोणाची बाळंतपणाची रजा असते, त्या काउंटरवर दोन दिवस, चार दिवस उभी राहते ती बदलीवाली. मान कमी, पाय जास्त दुखतात. पण एक गोष्ट तिच्याकडे असते जी मालकांकडेही नसते. ह्या जबर औषधांसाठी प्रत्येक दुकानात वेगळं रजिस्टर असतं: तारीख, रुग्ण, डॉक्टर, नेणाऱ्याची सही. ह्या दुकानाचं त्या दुकानाला दिसत नाही. ह्या डॉक्टरचे कागद त्या डॉक्टरला दिसत नाहीत. जो तो आपापल्या खिडकीपुरतं बघतो. सगळ्या खिडक्यांत जाते ती एकटी बदलीवाली. जावईबापूंनी अख्ख्या गावाचा विचार केला होता, तेवढा बदलीवालीचा राहून गेला होता.

चार महिन्यांत मी सहा दुकानं फिरले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रजिस्टर काढायचं आणि बोट फिरवायचं. सहाही ठिकाणी धाकटीचं नाव, खाली चार वेगवेगळे डॉक्टर, आणि नेणाऱ्याची सही मात्र एकच, वळणदार. धाकटीला पाच पाठी असत्या तरी पुरून उरले असते एवढे पॅच त्याने नेले होते. ती कण्हायची, तो डॉक्टरांना सांगायचा, डॉक्टर पॅच मोठा करून द्यायचे, आणि तो जायचा ह्याच्या अंगाला. तिचं दुखणं हीच त्याची चिठ्ठी होती. जितकी जास्त कण्हेल तितकी मोठी.

सहाव्या दुकानात आणखी एक गोष्ट दिसली. धाकटीच्या नावाची शेवटची ओळ जिथे होती, तिच्या तीन आठवडे खाली दुसरं नाव सुरू झालं होतं. त्याच्या आईचं. म्हातारीचे मणके खचलेले होते हे मला माहीत होतं. डॉक्टर तेच चार, सही तीच. मग मी मागच्या बाकीच्या दुकानांतल्या ओळखीच्या बायकांना एकेक फोन केला. एकच विचारलं: ह्या बाईंसाठी पोट साफ होण्याचं सिरप कधी गेलंय का?

पहिले दोन महिने गेलं होतं. पुढे नाही.

दर दहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, तो चौकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात यायचा. तिथल्या फार्मासिस्टला मी सांगितलं, तुमचा तो दात फार दिवस लोंबकळतोय, मंगळवारी काढून टाका, मी उभी राहते. बिचारा म्हणाला, "बाई, तुम्हाला माझ्या दाताची केवढी काळजी!"

मंगळवारी मी पांढरा कोट घातला, तोंडाला मास्क लावला. तो आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. अशी माणसं काउंटरमागच्या माणसाकडे बघत नाहीत, ड्रॉवरकडे बघतात.

"पंचाहत्तरचे पॅच, पाचचं खोकं. निळ्या खोक्यातले नको हं, ते नीट चिकटत नाहीत."

मी चिठ्ठी घेतली. "आणि पोट साफ होण्याचं सिरप?"

"नको नको. आईचं पोट छान साफ होतं."

"धाकटीचंही व्हायचं," मी म्हटलं आणि मास्क खाली केला.

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. लगेच हसू आलं. "अहो ताई! तुम्ही इथे? कळवलं असतंत तर घ्यायला आलो असतो."

"आलेच की मी आपली आपण. जावईबापू, औषध घरी पोचवायची सोय आहे आमची. तुम्ही कशाला ओझं वाहता? चारपर्यंत आणते."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता…"

"त्रास कसला? विहीणबाईंना भेटणंही होईल."

मागे रांगेत तिघं उभे होते. एक आजोबा म्हणाले, "नशीब लागतं असे नातेवाईक मिळायला." जावईबापूंनी मान डोलावली. घामाचा एक थेंब त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरताना मी पाहिला.

चारला मी घरी गेले तेव्हा तो नव्हता. दुसरं दुकान शोधायला गेला असणार. ते मला हवंच होतं.

त्याच्या आईला आमच्याकडे सगळेच विहीणबाई म्हणत. एके काळी आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची बाई. आता पलंगावर एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी पाठीवरचा कपडा बाजूला केला. निळी तारीख. गोल कोपरे.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती भिंतीकडे बघून बोलली. "दोन महिने झाले असतील."

"तुम्हाला कळलं होतं?"

"खरा पॅच हातात असला की त्याचे हात थरथरतात. मला लावताना थरथरेनासे झाले, तेव्हा कळलं."

"आणि बोलला नाहीत?"

"कोणाला बोलू? लावणारा तोच, आणणारा तोच, डॉक्टरांना सांगणारा तोच."

मी खुर्ची ओढून बसले. पुढचा प्रश्न मी चार महिने तोंडात धरून फिरत होते. "आणि धाकटीचं?"

तिने गुडघे आणखी पोटाशी घेतले. मग म्हणाली, "मी पाणी द्यायला गेले होते तिला. तो तिच्या पाठीवरून काढत होता. म्हणाला, बदलतोय. दुसरा कुठे दिसला नाही मला."

"मग?"

"मग मी पाणी ठेवलं आणि बाहेर आले."

एवढंच. रडली नाही, माफी मागितली नाही, पोटचं पोर आहे वगैरे म्हणाली नाही. मला वाटतं ती शिक्षा भोगत असल्यासारखी तिथे पडली होती.

माझ्या पिशवीत खोकं होतं. डॉक्टरांच्या सहीचं, नियमाप्रमाणे, पंचाहत्तरचं. मी एक पाकीट फाडलं. खरा पॅच बोटांत धरला, कडेला बारीक अक्षरं. ह्याने तिचं दुखणं तासा-दोन तासांत नाही, पण उद्यापर्यंत नक्की थांबलं असतं.

आणि तिथे माझा हात थबकला, कारण ते फारच नक्की थांबलं असतं. दोन महिने जिच्या अंगात काही गेलं नाही, तिच्या अंगाची सवय मोडलेली असते. ही ताकद आज लावली तर म्हातारी झोपेल, श्वास हळू होईल, आणखी हळू होईल. चिठ्ठीप्रमाणे लावला, असं मी म्हटलं असतं, आणि ते खरं होतं. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या आणि सहा दुकानांतल्या सह्या पुढे आल्या असत्या, त्या सगळ्या त्याच्या. पाणी ठेवून बाहेर येणारी जाईल आणि गोल कोपरे कापणारा तुरुंगात बसेल. मला काही करायचंच नव्हतं. फक्त कागदावर लिहिलेलं पाळायचं होतं.

खोटं कशाला लिहू, मी तो पॅच पाच मिनिटं हातात धरून बसले होते.

"लाव ना," विहीणबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "कशाची वाट बघतेस?" आणि मग अगदी हळू, "की नाही लावायचा? नको लावूस. मी काही म्हणणार नाही."

तिने गयावया केली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी पाकीट बंद करून पिशवीत टाकलं. "हा तुमच्या मापाचा नाही," मी म्हटलं. "उद्या तुमच्या मापाचा आणते. तोवर साधी गोळी घ्या. थोडं सोसा."

"थोडं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून वेडंवाकडं हसली.

दुसऱ्या दिवशी मी हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चारांतल्या सगळ्यात समंजस त्याच. मी सहा दुकानांच्या तारखा एका कागदावर उतरून नेल्या होत्या. एका दुकानाचं दुसऱ्याला सांगणं हे आमच्या नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. त्याबद्दल कोणाला मला रागवायचं असेल तर त्याने खुशाल रागवावं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, मुलगा असावा तर असा!"

त्यांनी म्हातारीसाठी सगळ्यात लहान पॅच लिहिला आणि खाली लिहिलं: औषध फक्त ह्या फार्मासिस्ट बाईंच्या हाती द्यावं. बाकीच्या तिघांना त्यांनी माझ्यासमोर फोन केले. सहा दुकानांचं मी बघितलं. संध्याकाळच्या आत जावईबापूंना गावात एकही खिडकी उघडी राहिली नाही.

निघताना त्यांनी आणखी एक पाकीट दिलं. "हे त्याच्यासाठी. सरकारी इस्पितळात व्यसन सोडवायचा विभाग आहे, तिसरा मजला. चिठ्ठीशिवाय घेत नाहीत. आजच पाठवा त्याला. अचानक तुटलं की हाल होतात माणसाचे."

"हाल होतात?" मी विचारलं.

"जिवावर बेतत नाही सहसा. पण हाल कुत्रा खात नाही."

मी पाकीट घेतलं, पर्समध्ये ठेवलं, आणि पर्सची चेन लावली.

पोलिसांकडे का गेले नाही, असं कोणी विचारेल. पोलिसांनी त्याची अवस्था बघून पहिल्याच दिवशी त्याला इस्पितळात नेलं असतं आणि तिथे त्याची सोय झाली असती. मला त्याची सोय व्हायला नको होती. मला सव्वीस दिवस हवे होते, त्या फोनपासून धाकटीने काढले तेवढे.

मी भाड्याची खोली सोडली आणि बॅग घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले. धाकटीच्या खोलीत. तो दारात आडवा उभा राहिला. मी डबी उघडून ती चिकटपट्टी त्याला दाखवली. दुसऱ्या हातात तो तारखांचा कागद. "ह्याच्या दोन प्रती आणखी आहेत," मी म्हटलं. "एक तुमच्या ऑफिसच्या पत्त्याच्या पाकिटात आहे. तिकीट लावून. बॅग उचला जरा, जड आहे."

त्याने उचलली. सवय होती त्याला.

दर तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला आईच्या खोलीत बोलवायची. "या, जावईबापू, बसा." तो समोर स्टुलावर बसायचा. मी जुना पॅच काढून घडी घालायची, नवा लावायची, वर न पुसणाऱ्या पेनाने तारीख टाकायची, त्यावर चिकट फिल्म लावून फिल्म आणि कातडी मिळून माझी सही करायची. त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या नाकातून पाणी यायचं, जांभयांवर जांभया यायच्या, अंगावर काटा उभा राहायचा. आणि पोट! पाच मिनिटं त्याला स्टुलावर बसवत नसे, धावत जायचा. सगळ्या घरात एवढं साफ पोट कोणाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, एक द्या. अर्धा द्या."

चौथ्या दिवशी म्हणाला, "मी माणूस आहे की नाही? हाडं फुटतायत माझी."

"दुखतं का?" मी विचारलं. "आजार पुढे सरकला असेल."

त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मी जपून ठेवलं आहे.

पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर विहीणबाई पलंगावर उठून बसलेली, हातात काठी, डोळे चमकत होते. फिल्मचा एक कोपरा सुटलेला होता.

"आला होता," ती म्हणाली. "मला वाटलं पाणी द्यायला आला. मनगटावर हाणली."

"लागलं का त्याला?"

"लागायलाच हाणली. अक्षता टाकल्या नाहीत मी."

नवव्या दिवशी तो माझ्या दाराशी जमिनीवर येऊन बसला. ओरडला नाही. खाली बघत म्हणाला, "पहिला तिनेच दिला होता. तिला उचलता उचलता माझी कंबर धरली होती. ती म्हणाली, माझ्यातला एक लावा, तुम्ही आडवे झालात तर मला कोण बघेल? तिनेच लावला. हाताने."

मी भाजी निवडत होते. हात थांबला. हे खरं असणार. अशीच होती ती. दुसऱ्याला थंडी वाजते म्हणून स्वतःच्या अंगावरचं काढून देणारी. आणि ते खरं असणार म्हणूनच मला जो संताप आला, तो त्या चिकटपट्टीने पण आणला नव्हता. तिने एक दिला होता. बाकीचे त्याने काढून घेतले, तेही ती कण्हत असताना, वर तारीख घालून.

"तुम्हाला काय हवंय तरी काय, ताई?"

"सव्वीस."

"सव्वीस काय?"

मी पुढची जुडी घेतली. पर्स माझ्या मांडीशेजारीच होती, पाकीट आत. त्याला मिळालं असतं तर तासाभरात तो तिसऱ्या मजल्यावर पलंगावर असता. ते पाकीट रोज सकाळी मी हाताने चाचपत होते, जसं दूध उतू जातं का म्हणून बघावं तसं. मला वाईट वाटत होतं का? पंधरा-सोळाव्या दिवशी थोडं वाटलं. तो शर्टाची बटणं चुकीची लावून बसला होता आणि लहान पोरासारखा दिसत होता. मग मी धाकटीच्या खोलीत गेले, तिच्या उशीच्या खोळीत नाक खुपसलं, आणि मला वाटेनासं झालं.

विहीणबाई मात्र सुधारत होती. काठी घेऊन खिडकीपर्यंत जायला लागली. एक दिवस मला म्हणाली, "थोरले, तू त्याला असं किती दिवस ठेवणार आहेस?" मग मी तिला पाकिटाचं सांगितलं, आणि सव्वीसचंही. ती आई आहे, मला वाटलं आता काठी माझ्यावर उगारेल. तिने फक्त विचारलं, "आज कितवा?"

"एकोणीस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

सव्विसाव्या दिवशी सकाळी मी पॅच बदलायला बसले. तो स्टुलावर होता, वाळलेला, शांत. शरीराचे हाल संपले होते. आता नुसती भूक उरली होती, डोळ्यांत. मी सही केली, टोपण लावलं, त्याला म्हटलं, "जा बाहेर." तो गेला.

विहीणबाईने माझा हात धरला, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "थोरले, कसं सांगू तुला… चार दिवस झाले. पोट साफ होत नाही गं."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून पदर तोंडात कोंबला. म्हातारी घाबरली. "अगं, एवढं काय झालं? वय झालं की होतं असं!"

"काही नाही," मी म्हटलं. "फार छान झालं. फारच छान झालं." पिशवीत सिरपची बाटली होतीच, पहिल्या दिवसापासून होती. मी झाकण उघडलं, मापात ओतलं, तिच्या ओठाला लावलं. "घाणेरडं गोड आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "माहितीये."

मग मी पर्स उघडून ते पाकीट तिच्या हातात ठेवलं. सव्वीस दिवसांत त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. "घ्या. तुमच्या हातानेच द्या त्याला."

तिने ते उलटसुलट करून पाहिलं. बाहेर त्याच्या फेऱ्या ऐकू येत होत्या, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मी वाट बघत होते की ती आता हाक मारेल.

"हे सव्वीस तिचे ना?" तिने विचारलं.

"हो."

"माझे दोन महिने होते."

मी सिरपचं माप पुसलं.

"आई आहे मी. दोन महिने नाही जमायचं मला." तिने पाकीट उशीखाली सरकवलं आणि त्यावर डोकं ठेवलं, अगदी हलकेच, सुरकुती पडू नये असं. "पण एक दिवस माझाही असू दे. उद्या देईन."

मी बाटलीचं झाकण लावून उठले. दार उघडलं तर तो तिथेच उभा, भिंतीला टेकून.

"ताई," तो म्हणाला, "काही मिळेल का हो?"

"विहीणबाईंना विचारा," मी म्हटलं, आणि कामाला गेले.